दुसरीच्या ओटीत घातलेलं बीज

"दिलं तर माझं संपेल का? पाळी लवकर जाईल का?" स्त्रीबीज दानाचा विषय निघाला की बायकांच्या तोंडी पहिला प्रश्न हाच येतो. उत्तर सरळ आहे : नाही.

मुलगी जन्मते तेव्हा तिच्या बीजकोशांत १० ते २० लाख बीजं असतात. वयात येईतो तीन-चार लाख उरतात. दर महिन्याला त्यांतली काही वाढायला लागतात, एक पिकतं आणि बाकीची तिथंच जिरून जातात. दात्रीला दहा-बारा दिवस पोटावर जी इंजेक्शनं टोचतात, ती या जिरून जाणाऱ्या बीजांनाच वाढवतात. पुढच्या साठ्याला हात लागत नाही. शेवटच्या इंजेक्शननंतर साधारण ३५ तासांनी गुंगी देऊन, सोनोग्राफीत बघत, योनीमार्गातून सुईनं बीजं काढून घेतात. वीसेक मिनिटांचं काम. सुईतून आलेलं पाणी काचेच्या ताटलीत ओतून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की पिंजलेल्या कापसासारखा पेशींचा पुंजका दिसतो आणि त्याच्या मधोमध एक ठिपका. मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग!

त्रास मात्र होतो, तो लपवू नये. पोट फुगतं, दुखतं. क्वचित बीजकोश जास्तच चेतवले जाऊन पोटात पाणी साठतं, दवाखान्यात राहावं लागतं. सही घेण्याआधी हे तिला तिच्या भाषेत सांगायलाच हवं. २०२१ च्या कायद्यानं दात्रीचं वय २३ ते ३५ ठरवलं. दान आयुष्यात एकदाच, बीजं सातपेक्षा जास्त काढायची नाहीत, तिचा १२ महिन्यांचा विमा मूल हवं असलेल्या जोडप्यानं उतरवायचा आणि बीजाची विक्री हा गुन्हा. सात म्हणजे फार कमी, अशी डॉक्टरांची तक्रार असते. पण पैशाच्या नडीपायी पुन्हा पुन्हा सुईखाली जाणाऱ्या बाईला कुणीतरी थांबवायला हवंच होतं, असं मला वाटतं.

वयाची मर्यादा ३५ च कशाला? बीजं बाईच्याच वयाची असतात. जुनी झाली की गुणसूत्रांची वाटणी चुकायला लागते. गर्भाशय त्या मानानं पुष्कळ टिकतं. म्हणूनच अकाली पाळी गेलेल्या किंवा कॅन्सरच्या औषधांनी बीजकोश निकामी झालेल्या बाईलाही दुसरीच्या बीजावर नऊ महिने पोट वाढवता येतं. मुंबईत डॉ. इंदिरा हिंदुजांनी १९९१ मध्ये हे करून दाखवलं.

"पण रक्त कुणाचं?" हा प्रश्न निदान कोल्हापुरात तरी अडू नये. कागलच्या घाटग्यांचा मुलगा १८८४ मध्ये इथं दत्तक आला आणि शाहू महाराज झाला. कायद्यानंही बाळ त्या जोडप्याचंच; दात्रीचा त्यावर हक्क नाही, भारही नाही.

बीजं काढल्यावर साधारण दोन आठवड्यांत दात्रीला नेहमीसारखी पाळी येते. त्याच सुमाराला कुठंतरी दुसरी एक बाई रक्ततपासणीच्या रिपोर्टची वाट बघत बसलेली असते. दोघींना एकमेकींचं नावही ठाऊक नसतं.