‘बसलं की बरं वाटतं’

मैत्रिणींनो, सगळ्यांना वाढून झाल्यावर मागून आपलं ताट घेणारी बाई आपल्याकडे घरोघरी आहे. आपलं हृदयही थेट तसंच! शरीराला रक्त पुरवण्यासाठी ते आकसतं, तेव्हा त्याच्याच स्नायूतल्या बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात. त्यामुळे डाव्या बाजूच्या जाड स्नायूला स्वतःचं रक्त मिळतं ते बहुतेक दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात.

हे सगळं मी वाचायला लागले ते आमच्या थोरल्या जाऊबाईंमुळे. पाण्याची कळशी घेऊन जिना चढल्या की त्यांच्या छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं, जबडा दुखायचा. पाच मिनिटं टेकल्या की सगळं गायब! ‘‘अगं, बसलं की बरं वाटतं, मग कसला आलाय आजार? पित्त असेल,’’ असं म्हणून पुन्हा कामाला. त्यात झोपवून काढलेला ईसीजीही चांगला आला. मग तर बोलायलाच नको!

पण ‘बसलं की बरं वाटतं’ हीच तर खरी खूण होती. हृदयाच्या वाहिनीत चरबीचा थर साचून ती अरुंद झाली, की त्या चिंचोळ्या जागेतून रक्त वेगानं जातं, पलीकडे भोवरे होतात आणि दाब कमी पडतो. ही तूट भरून काढायला पुढच्या बारीक वाहिन्या रुंदावतात. आपण नाही का, महिना भागेना झाला की डब्यात साठवलेल्या पैशांतून घर चालवतो? बाहेर कुणाला कळतसुद्धा नाही. पण अचानक पाहुणे आले की डबा रिकामा!

अमेरिकेतले डॉ. लान्स गुल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगांत हेच दाखवलं. वाहिनीचा व्यास सुमारे ८५ टक्के अरुंद होईपर्यंत विसाव्यातला रक्तप्रवाह फारसा घटत नाही. मात्र गरजेच्या वेळी प्रवाह वाढवण्याची ताकद वाहिनी निम्मी अरुंद होण्याआधीच कमी होऊ लागते.

जिना चढताना नेमकं हेच होतं. निरोगी हृदय अशा वेळी आपला रक्तपुरवठा तीन-चार पटींपर्यंत वाढवू शकतं. इथे शिल्लक आधीच संपलेली असते. वर ठोके वाढले की मधला विसावाही आखडतो. मागणी जास्त आणि जेवायला वेळ कमी! मग स्नायू दुखतो, दम लागतो.

जाऊबाईंची स्ट्रेस टेस्ट झाली, तेव्हा दोष दिसला. अँजिओग्राफीत एक वाहिनी बरीच अरुंद निघाली. स्टेंट बसवला, औषधं सुरू झाली. आता त्या रोज फिरायला जातात.

आपल्या बायकांमध्ये कधीकधी मोठ्या वाहिन्या मोकळ्या असतात, पण बारीक वाहिन्याच नीट रुंदावत नाहीत. अशा वेळी अँजिओग्राफी चांगली आली तरी त्रास खोटा नसतो. तेव्हा डॉक्टरांना नुसतं ‘छातीत दुखतं’ म्हणू नका. काय करताना दुखतं, किती वेळ दुखतं आणि थांबल्यावर राहतं का, हे सांगा. पाठ, जबडा, हात दुखणं, नेहमीच्या कामानं दम लागणं, तेही सांगा. बीपी-शुगर तपासत राहा, मिश्री-तंबाखू सोडा.

आणि बसूनही दुखणं थांबेना, घाम फुटला, तर सोडा-लिंबू पीत वाट बघू नका. लगेच १०८ ला फोन लावा. स्वयंपाक राहिला तर राहू दे!