पाठवा आणि विसरा

‘ऑफिसचं नेटवर्क एनमॅपनं स्कॅन करायला घेतलं की लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागतो. प्रोसेसर कमी पडतोय का?’ असं एका वाचकानं विचारलंय. प्रोसेसर बहुधा पुरेसा असतो. त्याला दमवते ती हिशेब ठेवण्याची सवय.

गॉर्डन लायननं १९९७ मध्ये आणलेला एनमॅप प्रत्येक पॅकेटची नोंद ठेवतो. कुणाला पाठवलं, कधी पाठवलं, उत्तर नाही आलं तर पुन्हा कधी विचारायचं, सगळं. आता गिगाबिटची लाइन पूर्ण भरायची, तर सेकंदाला सुमारे १४.८८ लाख सर्वांत लहान पॅकेट सोडावी लागतात. म्हणजे ३ गिगाहर्ट्‌झच्या कोअरला एका पॅकेटमागे जेमतेम २,००० ठोके मिळणार. एवढ्यात नोंदवही चाळायची कधी?

२००२ मध्ये डॅन कामिन्स्कीनं ‘स्कॅनरँड’मध्ये ही वहीच बाद केली. पूर्वी पोस्टात जोडकार्ड मिळायचं. उत्तराच्या अर्ध्या भागावर आपणच खूण करून ठेवली, की कार्ड परत आल्यावर कुणाचं ते कळायचं. टीसीपीतही तशी सोय आहे. पहिल्या पॅकेटात ३२ बिटांचा क्रमांक असतो आणि समोरच्याला उत्तरात त्यात एक मिळवून तो परत करावाच लागतो. कामिन्स्कीनं हा क्रमांक समोरच्याचा पत्ता आणि एक गुप्त किल्ली यांच्यापासून तयार केला. उत्तर आलं की तेच गणित पुन्हा करायचं. जुळलं तर उत्तर आपलंच. मूळ कल्पना डॅनियल बर्नस्टाइनची, १९९६ ची, सर्व्हरच्या बचावासाठी सुचलेली. कामिन्स्कीनं ती उलटी फिरवली. काय डोकं!

याच वाटेनं २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या झेडमॅपनं ‘४५ मिनिटांत अख्खं इंटरनेट’ करून दाखवलं. अख्खं म्हणजे आयपीव्ही४ च्या प्रत्येक सार्वजनिक पत्त्यावरचं एकच पोर्ट! आयपीव्ही६ समोर हा दावा टिकत नाही. तरी त्यातली एक युक्ती लाजवाब आहे. २^३२ च्या लगेच पुढची मूळ संख्या २^३२ + १५. एका योग्य आकड्यानं गुणत जाऊन दर वेळी या मूळ संख्येनं भागल्यावरची बाकी घेतली, की सारे पत्ते उलटसुलट क्रमानं एकेकदाच येतात. यादी नको, लक्षात ठेवायचे फक्त तीन आकडे. कामिन्स्की २०२१ मध्ये गेला, तेव्हा आठवण निघाली ती त्यानं २००८ मध्ये शोधलेल्या डीएनएसच्या त्रुटीची. स्कॅनरँड फारसा कुणाच्या ओठावर नव्हता.

वाचकाला सल्ला असा. ‘नाइस’ कमांडनं काम कमी होत नाही, फक्त इतर प्रोग्रॅमना आधी वाट मिळते. ‘मॅक्स-रेट’ लावून वेग बांधा. आधी उघडी पोर्ट शोधा. आवृत्ती ओळखण्याचं काम, म्हणजे प्रत्येक उत्तर हजारो नमुन्यांशी ताडून पाहणं, मोजक्याच यंत्रांवर करा. आणि झेडमॅप घेतलात तरी वेग बांधाच. तुमचा लॅपटॉप विसरला तरी वाटेतला फायरवॉल प्रत्येक जोडणीची नोंद ठेवतो. त्याचा तक्ता भरला की ऑफिसातल्या सगळ्यांचंच इंटरनेट अडतं.