मैत्रीचा दोरा पारखताना

ऑगस्टचा पहिला रविवार जवळ आला की शाळकरी मुले रंगीत दोरे घेऊन फ्रेंडशिप बँड विणायला बसतात. एकेका बँडमागे काही तासांची मेहनत असते. पण ऐन पावसाळ्यात बांधलेल्या कितीतरी बँडांचा रंग आठवड्याभरात मनगटावर उतरतो, दोऱ्याला लव सुटते, गाठी सैल पडतात. बोल लागतो तो विणणाऱ्या हाताला. दोष मात्र बहुधा दोऱ्यात असतो आणि तो दुकानातच ओळखता येतो.

सुरुवात बोंडापासून करू. कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे एकच लांबट पेशी. बोंड उकलले की ती वाळते, चपटी होते आणि स्वतःभोवती पीळ घेते. या पिळामुळेच तंतू एकमेकांना धरून राहतात आणि सूत कातता येते. तंतू जितका लांब, तितकी त्याची शेजाऱ्यांवरची पकड अधिक. आखूड तंतूंची टोके सुताबाहेर डोकावतात आणि गाठ मारताना दोऱ्यावर दोरा घासला की त्यांचीच लव होते. म्हणून चांगल्या सुतासाठी कातण्याआधी कापूस विंचरून आखूड तंतू काढून टाकतात. तंतूंची लांबी आणि बळकटी यांचा अभ्यास मुंबईत माटुंग्याला १९२४ पासून चालू आहे. तिथली केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था हेच काम करते.

बँड ज्या भरतकामाच्या दोऱ्याने विणतात, त्याची चकाकी मात्र कापसाला उपजत नसते. इंग्लंडमधल्या लँकेशायरचे जॉन मर्सर १८४४ मध्ये कॉस्टिक सोड्याचे तीव्र द्रावण सुती कापडातून गाळत होते. कापड आटले, पण दाट आणि बळकट झाले, रंगही जास्त पिऊ लागले. पुढे १८९० च्या सुमारास होरेस लो यांनी सूत ताणून धरून तीच प्रक्रिया केली, तेव्हा आटणे थांबले आणि तेज आले. सोड्याने तंतू फुगतो, त्याचा पीळ उलगडतो, चपटा तंतू गोलसर होतो आणि प्रकाश एकसारखा परावर्तित करतो. लच्छीवरच्या ‘मर्सराइज्ड’ या शब्दामागे हे सारे आहे.

रेयॉनचा दोरा याहूनही चकाकतो, पण बँडला तो तितकासा मानवत नाही. बँडची प्रत्येक गाठ घर्षणावर टिकते आणि वेढा वाढत जातो तशी ही पकड गुणाकाराने वाढते. घर्षणांक ०.३ असेल तर एका पूर्ण वेढ्यात ती सुमारे साडेसहा पट होते, ०.२ असेल तर जेमतेम साडेतीन पट. दोरा थोडासा गुळगुळीत झाला तरी गाठ का सरकते, ते यातून कळते. शिवाय भिजल्यावर साध्या रेयॉनची ताकद जवळपास निम्मी होते, तर सुताची उलट थोडी वाढते. रोज आंघोळीत आणि पावसात भिजणाऱ्या बँडसाठी हा फरक निर्णायक आहे.

राहिला रंग. १९५६ मध्ये बाजारात आलेले रिअ‍ॅक्टिव्ह रंग कापसातल्या सेल्युलोजशी रासायनिक बंधाने जोडले जातात. तरीही थोडा रंग न जुळता धाग्यावर नुसताच बसून राहतो. रंगवल्यानंतर कढत पाण्यात साबण घालून दोरा नीट धुतला, तर हा सुटा रंग निघून जातो. धुण्यात काटकसर झाली की तोच रंग पुढे हातावर उतरतो.

तेव्हा लच्छी घेताना तीन गोष्टी पाहा. दोरा उजेडासमोर धरा: कडा स्वच्छ हव्यात, केस उभे राहिलेले नकोत. सहा पदरांतला एक पदर वेगळा काढून दोन बोटांत ओढून पाहा: जाडी एकसारखी लागली पाहिजे, लगेच तुटता कामा नये. मग ओल्या पांढऱ्या फडक्यावर दोरा घासा. प्रयोगशाळेतही रंगाचा पक्केपणा पांढरे सुती कापड घासूनच तपासतात आणि उतरलेल्या डागाला १ ते ५ असे अंक देतात. लाल, काळा आणि गडद निळा आवर्जून तपासा, कारण पांढऱ्या दोऱ्याशेजारी हेच रंग अधिक दगा देतात.

या परीक्षा मुलांना स्वतःच करू द्या. स्वस्त आणि चांगल्या लच्छीच्या किमतीत फार अंतर नसते; पण मित्रासाठी तासन्‌तास बसून मारलेल्या गाठी महिनोन्‌महिने टिकाव्यात, एवढे त्या अंतराचे मोल नक्कीच आहे.