एक ग्रॅम म्हणजे फार झालं

ऑगस्ट 2024 मध्ये बिहारमधल्या गोपालगंज जिल्ह्यात पोलिसांनी तिघांना पकडलं आणि त्यांच्याकडे 50 ग्रॅम कॅलिफोर्नियम मिळाल्याची बातमी देशभर झळकली. किंमत 850 कोटी रुपये. वाहिन्यांनी साहजिकच रुपयांचा आकडा उचलून धरला. पण बातमीतला खरा अचाट आकडा दुसराच होता: 50 ग्रॅम.

कॅलिफोर्नियम कुठल्या खाणीतून निघत नाही, तो माणसाने घडवलेला धातू आहे. आवर्तसारणीतला त्याचा क्रमांक 98. कामाला येतो तो प्रामुख्याने त्याचा 252 वस्तुमानाचा समस्थानिक. त्याचा एक मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग, सेकंदाला सुमारे 23 लाख न्यूट्रॉन बाहेर टाकतो. त्याला वीज लागत नाही, बटण नाही, आणि थांबवायची सोयही नाही. आता 50 ग्रॅम म्हणजे 5 कोटी मायक्रोग्रॅम. गुणाकार केला की सेकंदाला सुमारे 115 लाख कोटी न्यूट्रॉन येतात. या माऱ्यात एक मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला जीवघेणी मात्रा मिळायला मिनिट-दोन मिनिटं पुरतील. शिवाय हा धातू स्वतःच्या ऱ्हासाने तापतो, ग्रॅममागे सुमारे 39 वॅट. 50 ग्रॅमचे झाले 1950 वॅट. आंघोळीच्या पाण्याच्या बादलीत सोडतो तो रॉड साधारण दीड किलोवॅटचा असतो. इथे त्याहून जास्त उष्णता जेमतेम सव्वातीन घन सेंटिमीटरच्या तुकड्यातून, रात्रंदिवस. असा ऐवज पिशवीत घालून नेणारा माणूस पोलिसांच्या हाती जिवंत लागला नसता. प्रयोगशाळेच्या अहवालासाठी थांबायचीही गरज नव्हती, पाचवीतला गुणाकार पुरेसा होता.

आणखी एक हिशेब मला त्याहून रंजक वाटतो. हा धातू जगात दोनच ठिकाणी बनतो: अमेरिकेत टेनेसीमधल्या ओक रिज इथल्या अणुभट्टीत आणि रशियात दिमित्रोव्हग्रादला. ओक रिजमध्ये 1960च्या दशकापासून आजवर सगळं मिळून दहा ग्रॅमच्या आसपास कॅलिफोर्नियम-252 तयार झालं आहे. वर्षाचं उत्पादन ग्रॅमच्या एका अंशात मोजतात. समजा कुणी वर्षाला पाव ग्रॅम बनवलं आणि त्यातला एक कणही न वापरता तिजोरीत साठवत गेलं. दोनशे वर्षांनी 50 ग्रॅम जमतील ना? नाही. या समस्थानिकाचं अर्धायुष्य 2.645 वर्षांचं. म्हणजे साठा जितका मोठा, तितकी गळती मोठी. वर्षाला पाव ग्रॅमची आवक असेल तर साठा एक ग्रॅमच्या थोडा अलीकडेच अडकतो, कारण तिथे आवक आणि ऱ्हास यांची बरोबरी होते. मग दोनशे वर्षं जावोत की दोन हजार, तिजोरीत तेवढंच. 50 ग्रॅम हा आकडा महाग आहे म्हणून खोटा नाही. त्या वेगाने तो कधी जमूच शकत नाही.

बरं, भावही चुकलाच होता. या धातूचा नेहमी सांगितला जाणारा दर मायक्रोग्रॅमला 27 डॉलर आहे. तसं पाहिलं तर एक ग्रॅम दोनशे कोटी रुपयांच्या वर जातो आणि 50 ग्रॅमची रक्कम 11 हजार कोटींच्या पुढे. बातमीतला माल खऱ्या दराच्या तेराव्या हिश्श्यात मिळत होता.

अशा धातूंच्या जगात ग्रॅम हे वस्तूंचं माप नाही, ती एक कल्पना आहे. इथला व्यवहार मायक्रोग्रॅमचा, आणि एक घर पुढे सरकलं की तोही चैनीचा वाटू लागतो.

ते पुढचं घर म्हणजे 99वं, आइन्स्टाइनियम. दोघांमध्ये फरक एका प्रोटॉनचा, पण जन्मकथा टोकाच्या वेगळ्या. कॅलिफोर्नियम फेब्रुवारी 1950 मध्ये बर्कलीत शांतपणे बनलं. स्टॅन्ली थॉम्पसन, केनेथ स्ट्रीट, अल्बर्ट गिओर्सो आणि ग्लेन सीबोर्ग यांनी काही मायक्रोग्रॅम क्युरियमवर सायक्लोट्रॉनमधून अल्फा कणांचा मारा केला आणि हाती सुमारे पाच हजार अणू आले. तेही पाऊण तासाच्या अर्धायुष्याचे.

आइन्स्टाइनियम मात्र सापडलं ते ढगात. 1 नोव्हेंबर 1952 रोजी प्रशांत महासागरातल्या एनिवेटोक प्रवाळद्वीपावर ‘आयव्ही माइक’ हा हायड्रोजन बॉम्बचा पहिला पूर्ण प्रमाणातला स्फोट झाला. ताकद 10.4 मेगाटन, म्हणजे एक कोटी चार लाख टन टीएनटी. एलुगेलाब नावाचं बेट नकाशावरून नाहीसं झालं. गाळणी-कागद लावलेली विमानं ढगातून नमुने घेऊन आली. एक वैमानिक परतला नाही. त्या कागदांच्या तपासणीत बर्कलीत गिओर्सो आणि सहकाऱ्यांना जे नवं मूलद्रव्य दिसलं, त्याचे अणू दोनशेही नव्हते. एक ग्रॅम आइन्स्टाइनियममध्ये अणू किती असतात? सुमारे 2,400 अब्ज अब्ज. त्यातले दोनशेहून कमी, आणि ते ओळखू आले! मोठाले आकडे ऐकून माणूस थक्क होतो. मला हा लहान आकडा जास्त थक्क करतो.

हे अणू आले कुठून, यात स्फोटाची खरी ताकद दिसते. बॉम्बमधल्या युरेनियम-238च्या काही केंद्रकांनी सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्याही आत एकामागून एक 15 न्यूट्रॉन गिळले. असं फुगलेलं केंद्रक टिकत नाही. त्याने ओळीने सात वेळा बीटा ऱ्हास करून 92वरून 99पर्यंत उडी घेतली. ओक रिजच्या अणुभट्टीच्या गाभ्यात दर चौरस सेंटिमीटरमधून सेकंदाला अडीच हजार लाख कोटी न्यूट्रॉन जातात. तरीही तिथे क्युरियम-244ला कॅलिफोर्नियम-252 व्हायला लागणारे आठ न्यूट्रॉन जमवायला महिने जातात आणि बहुतेक केंद्रकं वाटेतच फुटतात. आइन्स्टाइनियमचा शोध गुप्त ठेवला गेला, कारण बॉम्बच्या राखेत काय सापडतं हे सांगणं म्हणजे बॉम्बबद्दलच सांगणं. 1955 मध्ये नाव जाहीर झालं, पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये आइन्स्टाइन गेले होते.

आता दोन्ही धातू शेजारी ठेवून बघू. कॅलिफोर्नियमची घनता 15.1 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, शिशापेक्षा बरीच जास्त. आइन्स्टाइनियमची 8.84, म्हणजे तांब्याच्या आसपास. अणू जड झाला आणि धातू हलका! कारण असं की कॅलिफोर्नियमचा अणू धातूच्या जोडणीसाठी तीन इलेक्ट्रॉन पुढे करतो, तर आइन्स्टाइनियमचा दोनच. तिसरा तो आत धरून ठेवतो. पकड ढिली पडते, अणू लांब लांब बसतात. प्रत्येक अणूने व्यापलेली जागा एका प्रोटॉनच्या फरकाने सत्तर टक्क्यांहून जास्त वाढते. वितळणबिंदूत मात्र फारसं अंतर नाही, 900 आणि 860 अंश सेल्सियस.

हे सगळे आकडे मोजले कसे, हा वेगळाच विषय आहे. आइन्स्टाइनियम-253चं अर्धायुष्य 20.47 दिवस आणि उष्णता ग्रॅममागे सुमारे 1000 वॅट, कॅलिफोर्नियम-252च्या पंचवीसपट. त्याचा स्फटिक बनवायला घ्यावा, तर त्यातूनच सुटणारे अल्फा कण काही मिनिटांत स्फटिकाची रचना उद्ध्वस्त करतात. म्हणून त्याची रचना तपासायची ती अतिशय पातळ थरांवर आणि घाईघाईने. ओक रिजच्या अनेक दशकांच्या कारकिर्दीत या समस्थानिकाचं एकूण उत्पादन चाळीसेक मिलिग्रॅम. शिवाय नमुना रोज तीन टक्क्यांहून थोडा जास्त हरवत जातो. हरवून तो बर्केलियम-249 होतो आणि ते बर्केलियम हळूहळू कॅलिफोर्नियम-249 होतं. म्हणजे 99व्या घरातला धातू नुसता ठेवून दिला तरी कालांतराने 98व्या घरात उतरतो. उलट वाटही आहे: अणुभट्टीत कॅलिफोर्नियम-253 तयार झालं की ते 17.8 दिवसांच्या अर्धायुष्याने आइन्स्टाइनियम-253 होतं. शेजारी एकमेकांना जन्म देतात.

उपयोगाच्या बाबतीत तुलनाच नाही. कॅलिफोर्नियमने नवी अणुभट्टी सुरू करायला पहिले न्यूट्रॉन मिळतात, तेलविहिरीत खाली कुठल्या थरात काय आहे ते कळतं, सरकत्या पट्ट्यावरच्या कोळशाची आणि सिमेंटच्या कच्च्या मालाची घटकद्रव्यं तपासता येतात. आइन्स्टाइनियमला असा एकही धंदा नाही. त्याची मोठी कामगिरी 1955 ची: सुमारे एक अब्ज अणूंवर अल्फा कणांचा मारा करून 101वं मूलद्रव्य, मेंडेलेव्हियम, बनवलं गेलं. हाती आले 17 अणू. एक अब्ज अणू ऐकायला भरपूर वाटतात, पण त्यांचं वजन मायक्रोग्रॅमच्या वीस लाखाव्या भागाहूनही कमी भरतं.

फेब्रुवारी 2021 मध्ये बर्कलीतल्या रेबेका अबर्जेल यांच्या गटाने आइन्स्टाइनियमच्या रसायनशास्त्रावर ‘नेचर’मध्ये निबंध प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांना जरा जास्त टिकणाऱ्या 254 समस्थानिकाचे 250 नॅनोग्रॅमहून कमी मिळाले होते, म्हणजे पाव मायक्रोग्रॅमही नाही. त्यात कॅलिफोर्नियम मिसळलेलं निघालं, त्यामुळे ठरवलेली स्फटिक-तपासणी सोडून द्यावी लागली आणि क्ष-किरणांच्या दुसऱ्या पद्धतीकडे वळावं लागलं. मग कोविडच्या टाळेबंदीत प्रयोगशाळा बंद पडली. दर तीस दिवसांना 7.2 टक्के अणू ऱ्हास पावत होते आणि काही तासांतच, बर्केलियममार्गे, त्यांचंही कॅलिफोर्नियम होत होतं. उरलेल्यावर काम करून त्यांनी आइन्स्टाइनियम आणि शेजारच्या ऑक्सिजन अणूमधलं अंतर मोजलं: 2.38 अँगस्ट्रॉम.