गोळ्या संपतात तेव्हा

शिरड शहापूरसारख्या गावात नैराश्यावरचं औषध बऱ्याचदा ठरवून बंद होत नाही. ते नुसतं संपतं. हळद काढायची घाई असते, गोळ्या आणायची हिंगोलीची खेप पुढं ढकलली जाते. दोन-चार दिवसांत गरगरतं, मळमळतं, झोप उडते. मान वळवली की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होतं. घरचे म्हणतात, "बघा, गोळ्यांचं व्यसन लागलं!"

व्यसन नव्हे हे. मेंदू औषधाला सरावलेला असतो, इतकंच.

व्हेन्लाफॅक्सिन, पॅरोक्सेटिन ही औषधं शरीरातून लवकर जातात, म्हणून त्रास जास्त. फ्लुओक्सेटिन आठवडे रेंगाळतं, म्हणून सहसा कमी. डोस उतरवताना शेवटचा टप्पाच अवघड. संशोधक होरोविट्झ आणि टेलर यांनी 2019 मध्ये वैद्यकीय नियतकालिक 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'त मांडलं, की थोड्या मिलिग्रॅमचाही मेंदूवरचा परिणाम मोठा असतो. त्यामुळं 20 वरून 10 वर येणं बहुधा निभतं, 5 वरून शून्यावर येताना पेशंट अडखळतो. एक दिवसाआड गोळी घेण्याची लोकप्रिय युक्ती तर लवकर जाणाऱ्या औषधांत बहुधा उलटतेच. दुसरं औषध सुरू करायचं असेल तर दोन्हींचा मेळ डॉक्टरांनीच घालावा.

त्रास लगेच उठला आणि गोळी पुन्हा घेताच ओसरला, तर तो बहुधा औषध तुटल्याचा. उदासी आठवड्यांनी हळूहळू परतली, तर आजाराचा संशय घ्यावा. जीव नकोसा वाटला तर मात्र खेपेची वाट पाहू नये. 2022 पासून चालू असलेल्या 'टेली-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.