खोल दर्यातली बारशी

मुलाचे नाव ठेवण्याचा मान आपल्याकडे आत्याचा. माशाचे शास्त्रीय नाव ठेवण्याचा मान त्याचे पहिले वर्णन छापणाऱ्या शास्त्रज्ञाचा. हे नाव दुपदरी असते. आधी आडनाव, मागून नाव. त्यांचा ग्रीक-लॅटिन पेहराव उतरवला की आत मोठी गंमत सापडते.

खोल समुद्रातल्या एका माशाचे सुळे जबड्याबाहेर डोकावतात. म्हणून तो 'चौलिओडस', म्हणजे पुढे आलेल्या दातांचा. दुसऱ्याचा जबडा अंगाच्या मानाने अवाढव्य. तो 'युरिफॅरिंक्स पेलेकॅनॉइडीस', म्हणजे रुंद घशाचा, पेलिकन पक्ष्यासारखा. तिसरा 'मेलॅनोसीटस', म्हणजे काळा देवमासा. हा देवमासा भरतो मात्र जेमतेम वीतभर!

परंतु काही नावांत माणसांच्या कथा दडलेल्या असतात. २२ डिसेंबर १९३८ रोजी दक्षिण आफ्रिकेतील ईस्ट लंडन बंदरात एका मच्छीमार बोटीवर पाच फूट लांबीचा, निळसर, विचित्र मासा आला. तेथील संग्रहालयाच्या मार्जोरी कोर्टनी-लॅटिमर ह्या तरुण बाईंची नजर त्यावर पडली. टॅक्सीवाला तो दुर्गंधी मासा घ्यायला नाखूश. शवागाराने जागा नाकारली. वरिष्ठांना तो साधाच मासा वाटला. बाई मात्र हटल्या नाहीत. त्यांनी मासा पेंढा भरून राखला नि त्याचे रेखाचित्र प्राध्यापक जे. एल. बी. स्मिथ ह्यांना धाडले.

स्मिथ थक्क झाले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी नामशेष झाला अशी समजूत असलेला सीलकॅंथ त्यांच्यापुढे होता! १९३९ साली त्यांनी नाव छापले: 'लॅटिमेरिया चालुम्नी'. पहिले पद बाईंचे. दुसरे, जिच्या मुखापाशी मासा मिळाला त्या चालुम्ना नदीचे.

दुसरा मासा मिळायला चौदा वर्षे लागली. डिसेंबर १९५२ मध्ये तो कोमोरो बेटांवर सापडला. नासण्यापूर्वी तो गाठावा कसा? पंतप्रधान मलान ह्यांनी लष्करी विमान दिले. ह्या माशाला पाठीवरचा पहिला पर नव्हता, म्हणून स्मिथना तो निराळा वाटला. उपकाराची फेड म्हणून त्यांनी नाव ठेवले 'मलानिया अंजुआनी'. मलान म्हणजे वर्णभेदाचे कायदे राबवणाऱ्या सरकारचे प्रमुख.

पुढे आढळले की मासा जुन्याच जातीचा. पर नसणे हे केवळ त्या एका माशाचे व्यंग. शास्त्राचा नियम असा, की एकाच जातीला दोन नावे पडली तर आधीचे टिकते. पंतप्रधानांचे नाव मागे पडले, संग्रहालयातल्या बाईंचे राहिले. १९९९ साली इंडोनेशियातील दुसऱ्या जातीचे बारसे झाले, तेव्हाही आडनाव तेच पडले: 'लॅटिमेरिया मेनाडोएन्सिस'.

बाई २००४ साली वारल्या. त्यांचा हक्क निर्विवाद आहे. पण कोमोरोचे कोळी ह्या माशाला आधीपासून ओळखत होते. तो त्यांचा 'गोंबेसा'. इंडोनेशियाच्या कोळ्यांचा तो 'राजा लाउत', समुद्राचा राजा. ज्यांच्या होडीत तो प्रथम आला, त्यांचा शब्द मात्र त्या दुपदरी नावात कोठेच नाही. शास्त्राच्या दृष्टीने माशाचा जन्म झाला तो १९३९ साली, त्याचे वर्णन छापले गेले तेव्हा. दर्याच्या लेकरांच्या घरी त्याचे बारसे कधीच होऊन गेले होते.