केबल ट्रे: जस्त किती, टेकू कुठे

कारखान्याच्या छताखाली किंवा मोठ्या इमारतीच्या तळघरात मनगटाएवढ्या जाड केबल ज्यावर ओळीने निजलेल्या दिसतात, तो केबल ट्रे. घरातल्या वायरी भिंतीतल्या पाइपातून सुखाने जातात. केबल जाड आणि संख्येने जास्त झाल्या की पाइप पुरा पडत नाही. ट्रे उघडा असल्याने केबलची उष्णता हवेत निघून जाते, पुढे नवी केबल टाकता येते आणि बिघडलेली हाताला लागते.

जड केबलांसाठी लॅडर ट्रे वापरतात. तो शिडीसारखा असतो: दोन बाजूपट्ट्या आणि त्यांच्यामध्ये साधारण 250 ते 300 मिलिमीटरवर आडवे दांडे. भोके पाडलेल्या पत्र्याचा परफोरेटेड ट्रे मध्यम आणि बारीक केबलांसाठी, तर तारांच्या जाळीचा ट्रे मुख्यतः संगणक आणि दूरसंचाराच्या वायरींसाठी.

प्रकार ठरवणे सोपे असते. धातू ठरवताना मात्र हवा पाहावी लागते आणि घोळ होतो तो इथेच. ‘जी.आय. ट्रे’, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचा ट्रे, एवढेच मागणीपत्रात लिहिले, तर दोन अगदी वेगळ्या वस्तू त्यात बसतात. एक ट्रे आधीच जस्त चढवलेल्या पत्र्यापासून बनतो. त्यावर दर चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून 275 ग्रॅम जस्त असेल, तर एका बाजूचा थर जेमतेम 20 मायक्रॉन भरतो. शिवाय पत्रा कापून भोके पाडली जातात ती जस्त चढल्यानंतर, त्यामुळे कडा उघड्याच राहतात. दुसरा ट्रे आधी पूर्ण घडवतात आणि मग सुमारे 450 अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात बुडवतात. यालाच हॉट डिप म्हणतात. त्यात भोकांच्या कडाही झाकल्या जातात आणि थर साधारण 65 ते 85 मायक्रॉनचा बसतो.

जस्त लोखंडाऐवजी स्वतः झिजते. म्हणून जेवढा थर जाड, तेवढे ट्रेचे आयुष्य मोठे, असा जवळजवळ सरळ हिशेब मांडता येतो. शहरातल्या मध्यम प्रतीच्या हवेत वर्षाला साधारण 1 ते 2 मायक्रॉन जस्त जाते. समुद्राकाठच्या अतिशय खाऱ्या हवेत हा आकडा 4 ते 8 मायक्रॉनपर्यंत चढतो. तिथे 20 मायक्रॉनचा थर अडीच ते पाच वर्षांत संपेल, तर 85 मायक्रॉनचा दहा ते वीस वर्षे टिकेल. पुण्यातल्या कार्यालयाच्या आतल्या छताखाली पातळ थराचा ट्रे चालून जातो. तोच ट्रे कोकणातल्या बंदरावर उघड्यावर लावणे म्हणजे खर्च वाचवणे नव्हे, पुढे ढकलणे. हॉट डिप ट्रेचीही एक खोड आहे. नवे ट्रे एकावर एक रचून पावसात ठेवले, तर मध्ये अडकलेल्या पाण्याने त्यांच्यावर पांढरी बुरशीसारखी पूड धरते. पावसाळ्यात माल छपराखाली, थोडा तिरका आणि फटी ठेवून रचावा तो यासाठी.

आम्ल किंवा तीव्र अल्कली असलेल्या रासायनिक कारखान्यात जस्ताचा निभाव लागत नाही. तिथे काचतंतू आणि राळ यांचा एफ.आर.पी. ट्रे घेतात. तो गंजत नाही, पण वीजही वाहून नेत नाही, म्हणून अर्थिंगची सोय वेगळी करावी लागते. उन्हात त्याचा पृष्ठभाग झिजून तंतू उघडे पडू शकतात. अन्नप्रक्रिया आणि औषधनिर्मितीत, जिथे रोज धुलाई चालते, तिथे स्टेनलेस स्टील बरे. खाऱ्या पाण्याजवळ 304 ऐवजी मॉलिब्डेनम असलेली 316 प्रत लागते. अॅल्युमिनियमची घनता स्टीलच्या साधारण तिसरा हिस्सा, मात्र उष्णतेने ते जवळजवळ दुप्पट वाढते. तापमानात 40 अंशांचा फरक पडला, तर 30 मीटरची स्टीलची रांग सुमारे 14 मिलिमीटर आणि अॅल्युमिनियमची 28 मिलिमीटर लांबते. लांब रांगेत प्रसरणाचे सांधे ठेवले नाहीत, तर ट्रे वाकडा होतो.

यानंतर वजन. 300 चौरस मिलिमीटरची साडेतीन कोअरची अॅल्युमिनियम केबल मीटरला साधारण 5 किलो भरते. अशा पाच केबल असतील, तर दर मीटरला 25 किलो झाले आणि दोन टेकूंमधल्या तीन मीटरच्या एका गाळ्यावर 75 किलो. टेकूंमधले अंतर दुप्पट केले, तर ट्रेची मध्यातली झोळ दुप्पट नव्हे, सोळा पट वाढते. टेकू बसवायचे चार अँकर फास्टनर वाचवण्याच्या नादात हे गणित विसरले जाते. परफोरेटेड ट्रेला साधारण दीड मीटरवर टेकू देतात. दोन ट्रेंचा जोड टेकूवर किंवा गाळ्याच्या ऐन मध्यावर न आणता टेकूपासून पाव अंतरावर ठेवावा, कारण तिथे वाकवणारा जोर कमी असतो. जोड सांधणाऱ्या कप्लर प्लेटच्या बोल्टचे गोल डोके आत आणि नट बाहेर हवे, नाहीतर केबल ओढताना तिचे आवरण फाटते.

ट्रे गॅस कटरने कापू नये. जस्त जळते आणि त्याच्या धुराने कामगाराला ताप भरतो. कापलेल्या कडेचे कंगोरे घासून तिला जस्तयुक्त रंग लावतात. वळणावर काटकोन चालत नाही: चिलखती बहुकोअर केबलची वळण-त्रिज्या सहसा तिच्या व्यासाच्या बारा पट ठेवतात, म्हणजे 65 मिलिमीटरच्या केबलला 780. एकेरी कोअरच्या तीन फेजच्या केबल त्रिकोणात एकत्र बांधतात, म्हणजे त्यांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना बऱ्याच अंशी खोडून काढतात. एकटी फेज लोखंडी पत्र्याच्या भोकातून नेली, तर भोकाची कड तापते. विजेच्या आणि डेटाच्या केबल वेगळ्या ट्रेवर हव्यात. ट्रेच्या बाजूने अर्थिंगची पट्टी नेऊन ती ठिकठिकाणी ट्रेला जोडतात. पुढच्या केबलांसाठी पाव भाग तरी रिकामा ठेवतात, कारण दाटीवाटीने केबल तापतात आणि त्यांची क्षमता उतरते.

ट्रे भिंत ओलांडतो तिथे आग पलीकडे जाऊ न देणारा बुजवा भरावा लागतो. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्रात 22 मार्च 1975 रोजी भिंतीतल्या अशाच एका भोकातून हवा गळते का, हे मेणबत्तीच्या ज्योतीने तपासले जात होते. बुजव्याचा फोम पेटला, आग ट्रेवरून पसरली आणि सुमारे 1600 केबल निकामी झाल्या. आग न धरणारा बुजवा एकदा भरला की काम संपत नाही. नव्या केबलसाठी तो फोडला, तर केबल ओढून झाल्यावर त्याच दिवशी पुन्हा भरावा लागतो.